आल्प्समधलं मोटरसायकल संग्रहालय आणि गोठ्यातली येझदी

वारणाकाठ

मंडळी, जुलैत एक संग्रहालय बघून आलो आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. इथे जुन्या गाड्यांचे दर्दी बरेच आहेत, म्हणून तुमच्यापुढे मांडतो.

मी म्युनिकला असतो. चार दिवस सुट्टी मिळाली तेव्हा मित्राची मोटरसायकल मागून घेतली आणि ऑस्ट्रियात टिरोलला गेलो. इम्स्ट ओलांडलं की ओट्झटालची दरी सुरू होते. झोल्डनच्या पुढे रस्ता वळणावळणाने चढत होखगुर्गलला पोचतो आणि तिथे टिमेल्सयोख घाटाचा टोलनाका लागतो. घाट उतरलं की इटली. हिवाळ्यात हा घाट बर्फाने बंद असतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या चार महिन्यांत मोटरसायकलवाल्यांची तिथे जत्रा भरते. त्या टोलनाक्यालाच लागून, २,१७५ मीटर उंचीवर, 'टॉप माउंटन मोटरसायकल म्युझियम' आहे. आल्बन आणि आटिला शायबर या जुळ्या भावांनी ते २०१६ मध्ये सुरू केलं. १८ जानेवारी २०२१ ला पहाटे तिथे आग लागली. इमारत लाकडाची. दोनशेहून जास्त मोटरसायकली गेल्या. भावांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा दार उघडलं, आणि तेही आधीपेक्षा मोठी इमारत बांधून. आज आत साडेचारशेच्या वर गाड्या आहेत.

मी दीड तास म्हणून गेलो आणि संध्याकाळी बाहेर पडलो. ब्रफ सुपीरियर, व्हिन्सेंट, नॉर्टन, इंडियन, हेंडरसन, मोटो गुझी, एमव्ही ऑगस्टा. ज्यांची नावं लहानपणी मासिकांत वाचली होती त्या सगळ्या हातभर अंतरावर. हेंडरसनची चार सिलिंडरं एकामागोमाग एक, लांबीत ठेवलेली. एवढी लांब गाडी वळत कशी असेल, हे पंधरा मिनिटं बघत उभा राहिलो. ऑस्ट्रियाची स्वतःची पुकसुद्धा होती. सगळ्या लखलखीत. एकाही टाकीवर ओरखडा नाही, एकाही इंजिनाखाली तेलाचा थेंब नाही.

आणि तिथेच मला घरची येझदी आठवली.

बाबा गुरांचे डॉक्टर होते. कराडच्या दक्षिणेला बारा-पंधरा गावं त्यांच्याकडे. १९७५ साली घेतलेली येझदी २५० त्यांनी तीस-बत्तीस वर्षं चालवली. मागे कॅरिअरला औषधांची लाकडी पेटी बांधलेली असायची. ती घासून घासून मडगार्डचा रंग गेलाय, खालचा पत्रा दिसतो. टाकीला उजव्या बाजूला मोठा पोचा आहे. बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. गाडी त्याआधीपासून गोठ्यात उभी आहे. किल्ली कुठे गेली कुणालाच माहीत नाही. पुण्यातल्या एका कारागिराला फोटो पाठवले तर तो म्हणाला, सगळी उघडतो, नवीन क्रोम, नवीन रंग, नवीन पट्ट्या, शोरूममधून काढल्यासारखी करून देतो.

म्हणून विचारतो. तिला नवी करावी, आहे तशी ठेवावी, की कुठल्या संग्रहालयाला द्यावी? आणि द्यायची झाली तर आपल्याकडे असं संग्रहालय आहे तरी कुठे? एवढ्या दुचाक्या ज्या महाराष्ट्रात बनल्या तिथे त्यांचं एक घर नसावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अटकेपार

सुरेख लिहिलंय. फोटो टाका की. संग्रहालयाचे नंतर, येझदीचे आधी.

वंगण

वारणाकाठ, नवी-जुनी हा वाद नंतर. आधी इंजिन फिरतं का ते बघा. प्लग काढा, भोकातून चमचा-दोन चमचे तेल सिलिंडरमध्ये सोडा, आठवडाभर तसंच राहू द्या. मग किक हाताने हळूहळू दाबा. पायाने जोर लावू नका, रिंगा धरल्या असतील तर मोडतील. इतकी वर्षं उभ्या असलेल्या टू-स्ट्रोकचे (पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं ते इंजिन) क्रँकचे ऑइल सील वाळून लाकूड झालेले असतात. ते बदलल्याशिवाय गाडी चालू करायचा हट्ट धरू नका. सीलमधून फाजील हवा आत गेली की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. टाकीत जुनं पेट्रोल राहिलं असेल तर त्याचा डिंक झाला असणार.

रंगाला मात्र हात लावू नका. इंजिन शंभर वेळा बांधता येतं. पन्नास वर्षांचा रंग एकदा खरवडला की गेला.

ज्यांनी ही गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो: जावा-येझदीला (येझदी म्हणजे जावाचंच पुढचं नाव) किक आणि गिअरची दांडी एकच. आत दाबून वर फिरवली की ती किक, खाली आणली की तोच गिअर. नवख्या माणसाला गाडी दिली की तो किक शोधत गाडीभोवती प्रदक्षिणा घालायचा.

नेकारकाठ

मी श्टुटगार्टला असतो, त्यामुळे आगीवरून एक सांगायचं आहे. जगातली पहिली पेट्रोलवरची दुचाकी म्हणून जिचं नाव घेतात ती डाइमलर आणि मायबाखची १८८५ ची 'राइटवागन', इथे कानश्टाटला बनली. लाकडाची चौकट, दोन्ही बाजूंना तोल सांभाळायला छोटी चाकं, आणि जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीचं इंजिन थेट बुडाखाली. त्या इंजिनात ठिणगीऐवजी तापलेल्या नळीने इंधन पेटवायचे. डाइमलरचा मुलगा ती घेऊन निघाला तेव्हा वाटेत खोगिराने पेट घेतला.

ती मूळ गाडी १९०३ च्या कारखान्याच्या आगीत जळाली. आज इथल्या मर्सिडीझ संग्रहालयात दिसते ती प्रतिकृती. माझा मुलगा शाळेच्या सहलीत गेला होता, त्याने घरी येऊन विचारलं, "मग खरी कुठे आहे?" मला त्याला सांगताना कसंतरीच झालं.

म्हणून माझं मत, जे मूळ आहे ते मूळच ठेवा. येझदीच्या हजारो प्रती असतील, पण पेटीने घासलेलं मडगार्ड एकच आहे.

सोलिहुलवाला

नेकारकाठ यांच्याशी मी सहमत नाही. कारण सांगतो.

माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर इंग्लंडचं नॅशनल मोटरसायकल म्युझियम आहे, बर्मिंगहॅम विमानतळाजवळ. १९८४ ला उघडलं. फक्त ब्रिटिश गाड्या: बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ, व्हेलोसेट, एरियल. ज्या वर्षी ते उघडलं त्याच्या आदल्याच वर्षी शेजारचा मेरिडनचा ट्रायम्फ कारखाना बंद पडला होता. म्हणजे धंदा मेला आणि त्याचं संग्रहालय झालं. सप्टेंबर २००३ मध्ये तिथेही आग लागली. कुणीतरी टाकलेल्या सिगारेटच्या थोटकाने. ३८० च्या आसपास गाड्या आगीत सापडल्या. काही गाड्यांचं अॅल्युमिनियम वितळून जमिनीवर थारोळं झालं होतं.

डिसेंबर २००४ मध्ये संग्रहालय परत उघडलं. जळक्या सांगाड्यांमधून बऱ्याच गाड्या पुन्हा उभ्या केल्या. चौकट मूळची, इंजिनाचं कवच मूळचं, बाकी नव्याने घडवलेलं. मी गेलो तेव्हा तिथे एक म्हातारे स्वयंसेवक एका मुलाला समजावत होते की हा नट कसा कापायचा, याचे आटे वेगळे, आज दुकानात मिळत नाहीत. तिथे त्या गाडीबरोबर तो नट कापण्याची विद्यासुद्धा जिवंत राहिली होती. गाडी आहे तशी कापडाखाली ठेवली तर ती विद्या मरते. मला तरी चालणारी, घडवलेली गाडी जास्त जवळची वाटते.

वंगण

सोलिहुलवाला, शंभर टक्के. पण घडवणं वेगळं आणि नटवणं वेगळं. पुण्याचे ते कारागीर नटवायचं म्हणतायत.

मिशिगनतीर

मी शिकागोहून मिलवॉकीला दोनदा गेलोय, हार्ली-डेव्हिडसनच्या संग्रहालयात. २००८ साली नदीकाठी, जुन्या औद्योगिक जागेवर उभारलेलं. इतर गोष्टी खूप आहेत, टाक्यांनी भरलेली अख्खी भिंत आहे, पण ज्या गाडीसमोर माणसं आवाज खाली करतात ती एकच.

२०११ च्या मार्चमध्ये जपानात त्सुनामी आली. एका माणसाची हार्ली मालवाहू पेटीत ठेवलेली होती, ती पेटीसकट वाहून गेली. एप्रिल २०१२ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, हैदा ग्वाई बेटांवर ती सापडली. प्रशांत महासागर ओलांडून, सहा हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. नंबरप्लेटवरून मालक सापडला. त्याच्या घरातली माणसं त्या लाटेत गेली होती. कंपनीने गाडी दुरुस्त करून परत पाठवायची तयारी दाखवली. त्याने नको म्हटलं. जे गेले त्यांच्या आठवणीसाठी ती आहे तशीच संग्रहालयात ठेवा, एवढंच मागितलं.

आरे गंजून तुटलेले, इंजिनावर मिठाचा थर, चामडं कुजलेलं. तशीच ठेवलीये. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "बाबा, ही घाण का नाही पुसली?" मी तिला सगळं सांगितलं. ती परत जाऊन बराच वेळ बघत राहिली.

वारणाकाठ, तुमच्या बाबांची पेटी त्या मडगार्डवर घासत होती. मी असतो तर त्याला हातही लावला नसता.

दुचाकीवाली

सगळं वाचलं, छान आहे. पण मला या संग्रहालयांबद्दल एक तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. मोठी इंजिनं, शर्यती, युद्ध, चामड्याची जाकिटं. आणि लुना?

माझी आई सांगलीला प्राथमिक शिक्षिका. १९८१ ला तिने लुना घेतली. त्याआधी शाळेला जायला सकाळची एसटी, ती चुकली की अर्धा पगार गेला. लुना आल्यावर ती नोकरी करून रात्रीचं बी.एड. करू शकली. पुढे कॉलनीतल्या चार बायका तिच्याकडून शिकल्या. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी यायचं. पन्नास सीसीचं ते इंजिन कुठल्या शर्यतीत धावलं नसेल, पण आमच्या गल्लीचा इतिहास त्याने बदलला. नंतर कायनेटिक होंडा आली १९८४ ला, बटण दाबून चालू होणारी, गिअर नसलेली. साडीवर किक मारायचा त्रास गेला. हे मी लहानसहान समजत नाही.

आपलं संग्रहालय झालंच तर पहिल्या दालनात लुना हवी.

नगरी

ताई, टाळ्या! लुना आमच्या नगरची. १९७२ पासून. मूळ नक्षा इटलीच्या पियाज्जोच्या 'चाव' मोपेडचा, पण आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या वजनांवर तयार झाली ती नगरला. माझे काका त्या कारखान्यात जुळणीला होते. लुनावर त्यांनी गव्हाचं पोतं, दोन पोरं आणि काकू असं सगळं एका फेरीत आणलेलं मी स्वतः पाहिलंय. पोतं पुढे, पाय ठेवायच्या जागेत.

आणि नगरला लष्कराचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ पासून. माणसं मुंबईहून खास बघायला येतात. रणगाडे ठेवता येतात तर लुना का नाही?

अटकेपार

रणगाड्याशेजारी लुना! मायलेज कुणाचं जास्त यावर पाटी लावा.

चाकणकर

वारणाकाठ ऑस्ट्रियाला जाऊन आले म्हणून एक गोष्ट नोंदवतो. तुम्ही घाटात ज्या नारिंगी गाड्या पाहिल्या असतील त्यातल्या लहान ड्यूक आमच्या चाकणला बनतात. बजाजने २००७ मध्ये केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीत पैसे घातले, २०११ पासून छोट्या ड्यूक इथून युरोपला जायला लागल्या. २०२४ च्या शेवटी केटीएम दिवाळखोरीत गेली, तेव्हा बजाजनेच पैसा घालून ती वाचवली आणि २०२५ मध्ये ताबा घेतला. मी तिथे गुणवत्ता तपासणीत अकरा वर्षं काढली. एखाद्या ऑस्ट्रियन पोराच्या पहिल्या गाडीच्या चेनचा ताण मी तपासलेला असू शकतो, हा विचार मला फार आवडतो.

पुकचं तर जुनंच नातं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'हिरो पुक' मोपेड निघाली, तिचं तंत्र ऑस्ट्रियाच्याच पुककडून घेतलेलं. तुम्ही तिथे पुक बघितली म्हणता, म्हणजे हिरो पुकची आजीच बघितलीत.

संग्रहालयाबद्दल म्हणाल तर आकुर्डीत, बजाजच्या कारखान्यात, एवढा इतिहास घडलाय. १९७२ ची चेतक स्कूटर, नंबर लावून दहा-दहा वर्षं थांबणारी माणसं, मुलगी झाली की लग्नासाठी आत्ताच नंबर लावून ठेवा म्हणणारे आजोबा. त्या नोंदणीच्या पावत्यासुद्धा जपायला हव्यात. माझ्या सासऱ्यांनी त्यांची जपलीये, गाडी विकून तीस वर्षं झाली तरी.

पांथस्थ

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मोटरसायकलचं कौतुक करताना आपण रस्त्यावर मेलेल्यांना विसरतो. माझा धाकटा भाऊ दुचाकीवरून गेला. हेल्मेट घरी टेबलावर होतं.

म्हणून मला कुठल्याही मोटरसायकल संग्रहालयात एक गोष्ट हवी. वारणाकाठ यांनी ब्रफ सुपीरियर पाहिली. अरेबियातल्या कामगिरीमुळे प्रसिद्ध झालेल्या टी. ई. लॉरेन्सकडे एकामागून एक सात ब्रफ होत्या, आठवीची मागणी दिलेली होती. मे १९३५ मध्ये डॉर्सेटमधल्या गावरस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो पडला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. तो मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, १९४१ मध्ये तो छापला, आणि त्यानंतर ब्रिटिश लष्करात मोटरसायकलवरून निरोप नेणाऱ्या जवानांना हेल्मेट सक्तीचं झालं. आज आपण घालतो त्या हेल्मेटची मुळं त्या एका अपघातात आहेत.

ब्रफ ठेवा, पण तिच्याशेजारी ही गोष्ट लिहा. आणि पुण्यात असेल तर मोठ्या अक्षरांत लिहा.

दुचाकीवाली

पांथस्थ दादा, तुमच्या भावाबद्दल वाचून थांबले. हे दालन हवंच. माझ्या लुनाच्या आधी हवं.

हडपसर_ते_हंपी

पुण्यात हेल्मेटविरोधात मोर्चे निघाले तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मोर्चात होतो. पुढे सातारा रस्त्यावर खंबाटकीच्या उतारावर पडलो, हेल्मेट फुटलं, मी उभा राहिलो. ते फुटलेलं हेल्मेट कपाटात आहे. संग्रहालय निघालं तर मी ते देईन.

कुलाबकर

धागा संग्रहालयाचा आहे म्हणून विक्रांतचं लिहितो. आमच्या लहानपणी आयएनएस विक्रांत मुंबईत समुद्रात संग्रहालय म्हणून उभी होती. १९७१ च्या युद्धातली विमानवाहू नौका. शाळेतून एकदा आम्हाला नेलं होतं, धावपट्टीवर उभं राहून मी आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं आकाश पाहिलं. ती सांभाळणं परवडेना, २०१२ ला लोकांसाठी बंद झाली, २०१४ मध्ये भंगारात निघाली आणि मुंबईतल्याच दारूखाना भागात तोडली. तिच्यातलं थोडं पोलाद बजाजने घेतलं आणि २०१६ मध्ये 'व्ही' नावाची मोटरसायकल काढली, टाकीवर त्या पोलादाचा बिल्ला लावून.

माझ्याकडे ती गाडी आहे. रोज ऑफिसला नेतो. सिग्नलला थांबलो की अंगठा त्या बिल्ल्यावर जातो. संग्रहालय राहिलं असतं तर मी ही गाडी घेतली नसती आणि मला तेच जास्त आवडलं असतं.

वंगण

कुलाबकर, हे वाचून गप्पच बसलो.

पणजीचो_पाव

गोव्याला विसरू नका. आमच्याकडे मोटरसायकल पायलट आहेत, पिवळ्या-काळ्या गाड्या, पणजीच्या फेरीधक्क्यापासून घरापर्यंत सोडणारे. ॲप निघायच्या कितीतरी आधीपासून. आमच्या आजीला बाजारातून मासे घेऊन पायलटच आणायचा, तिचा ठरलेला होता. ती मागे एका बाजूने बसायची, टोपली मांडीवर. पोर्तुगीज काळातल्या घरांचे फोटो सगळे काढतात, पायलटच्या थांब्याचा कुणी काढत नाही.

कागदपत्र

वारणाकाठ, भावनेचं झालं, आता कायद्याचं. १९७५ ची गाडी म्हणजे पन्नास वर्षं पूर्ण. २०२१ च्या जुलैत केंद्राने जुन्या, ऐतिहासिक वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या, खाजगी वापराच्या दुचाकी-चारचाकी त्यात येतात. नवीन नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' येतं. ही गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठी काढायची.

महत्त्वाची अट अशी की चौकट, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे 'शोरूमसारखी' करण्याच्या नादात कुणी दुसरं इंजिन बसवलं तर पंचाईत. बाबांचं आरसी बुक शोधा. गाडी तुमच्या आईंच्या नावावर व्हायला हवी, वारसाची कागदपत्रं लागतील. ते आधी.

सोलिहुलवाला

हे उपयोगी. इंजिनाचा आणि चौकटीचा क्रमांक आरसीशी ताडून बघा. आग लागलेल्या गाड्यांच्या बाबतीत इथे सगळा वाद त्या क्रमांकांवरच चालतो: कुठला भाग मूळ म्हणायचा, किती बदललं की गाडी दुसरीच झाली.

तिळगूळ

मोटरसायकलचं मला काही कळत नाही, पण संग्रहालयाचं थोडं कळतं, कारण पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयाशेजारी वाढले. दिनकर केळकरांनी काय गोळा केलं? अडकित्ते, दिवे, फण्या, तांब्याची भांडी, दाराच्या चौकटी. राजांच्या तलवारींपेक्षा बायकांच्या हातातल्या वस्तू जास्त. एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने ते सगळं उभं केलं. तिथला एखादा अडकित्ता बघा, सुपारी कातरून कातरून पातं झिजलेलं आहे. त्या झिजेमुळेच तो तिथे आहे.

तुम्ही आल्प्समध्ये बघितलेल्या गाड्या कारखान्याचा इतिहास सांगतात. बाबांची येझदी वापरणाऱ्याचा सांगते. दोन्ही लागतात, पण दुसरा प्रकार कुणी जपत नाही. कर्वेनगरला सायकलींचं संग्रहालय झालंच ना, एका माणसाच्या नादातून? मोटरसायकलींचंही होईल. तोवर आहे तशी गोठ्यातच ठेवा, फक्त गोठ्याचं छप्पर गळणार नाही एवढं बघा.

गौळण

मी फारशी लिहीत नाही. पण गुरांचे डॉक्टर म्हटल्यावर राहवलं नाही.

आमच्याकडे म्हैस रात्री अडली की आजोबा माणसाला सायकलवर पाठवायचे डॉक्टरांकडे. मग सगळे अंगणात गप्प. आणि मग लांबून, ओढ्याच्या पलीकडून, ती फटफट ऐकू यायची. आमच्या डॉक्टरांकडेही जावाच होती, दोन सायलेन्सरची. तो आवाज कुत्री, म्हशी, आम्ही पोरं, सगळे ओळखायचो. आजी म्हणायची, आला गं देव. माझ्या आयुष्यात धीर देणारा आवाज कुठला असं कुणी विचारलं तर तो.

दादा, तुमच्या भागात अजून कितीजण असतील ज्यांना तो आवाज आठवतो. नवी करा, जुनी ठेवा, ते तुमचं. पण एकदा तरी तिचा आवाज होऊ द्या. तेवढं करा.

वारणाकाठ

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो. गौळण ताई, तुमचा प्रतिसाद मी आईला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "टाकीचा पोचा काढू नका रे."

मला तो पोचा कसा पडला हे माहीतच नव्हतं. १९८३ च्या पावसाळ्यात एका वस्तीवर बैलाला इंजेक्शन देताना त्याने उसळी मारली आणि शिंग टाकीला लागलं. गाडी मध्ये नसती तर बाबांच्या पोटात गेलं असतं. बाबांनी तो पोचा मुद्दाम ठेवला. दरवर्षी बेंदराला आई बैलांबरोबर त्या टाकीलाही हळदकुंकू लावायची. मी लहानपणी हे बघितलंय, पण मला वाटायचं सगळ्याच घरांत लावतात.

तर ठरलं असं. पुण्याच्या कारागिरांना 'नको' असं कळवलं. वंगण यांनी सांगितल्याप्रमाणे फक्त इंजिन, सील आणि टाकीची आतली सफाई. रंग, मडगार्ड, पोचा जसाच्या तसा. 'कागदपत्र', तुम्ही म्हणालात ते आरसी बुक सापडलं, बाबांच्या औषधाच्या वहीत होतं. त्यात पेट्रोलचा हिशोबही आहे, लिटरमागे किती तेल मिसळलं तेसुद्धा, तीस वर्षांचा. ती वही गाडीबरोबर राहील. संग्रहालय निघालं तर दोन्ही एकत्र देईन, सुटी गाडी देणार नाही.

डिसेंबरात तीन आठवडे येतोय. फक्त किल्लीचं काय करायचं कळत नाही. कुलूपच बदलावं लागेल का?

वंगण

कुलूप मूळचं आहे, बदलू नका! थांबा, कुणीतरी सांगेल.

दोन_सायलेन्सर

वारणाकाठ, मी कराडचाच, मलकापूरला राहतो. माझ्याकडे १९६८ ची जावा आहे. या गाड्यांची किल्ली म्हणजे नुसती दाबायची खुंटी. एकीची दुसरीला लागते. आमच्या वडिलांनी एकदा किल्ली हरवली तेव्हा खिळा घासून चार महिने गाडी चालवली होती. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो, तेव्हा आम्ही पंधरावीसजण जमतो आणि कुणाच्याही किल्लीने कुणाचीही गाडी चालू करतो.

गाव कुठलं तेवढं निरोपात कळवा. डिसेंबरात कुठल्याही रविवारी सकाळी येतो. प्लग, थोडं टू-टी तेल आणि माझी किल्ली घेऊन येतो.

गौळण

आवाज रेकॉर्ड करून इथे टाकाल का?

वारणाकाठ

टाकतो ताई. आई म्हणते, त्या दिवशी सगळ्यांना जेवायलाच बोलव.